हौदाला वळसा

यवतमाळ जिल्ह्यात जिथे बगीचा नाही तिथे दरवर्षी सहकुटुंब, डबे-सतरंजीसकट बगिच्यात जाऊन येणारा माणूस एकच आहे, आणि माझं नशीब असं की तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमच्याकडे साडूला साडभाऊ म्हणतात. एकाच घरच्या दोन बहिणी पदरात पडलेल्या माणसांमध्ये जो मूक बंधुभाव असतो तो आमच्यातही आहे. फरक इतकाच, की त्यातला मूक तेवढा मी एकटा आहे. महाशिवरात्र झाली, पळस पेटले, आंब्याच्या मोहोराचा वास सुटला, की त्यांचा फोन येतोच. "साडभाऊ, येत्या रविवारी बगिच्यात. ताटं आनू नका, आमची पुरतात." मी बोरी अरबला हायस्कूलमध्ये भूगोल शिकवतो. आठवडाभर पोरांच्या डोक्यात अक्षांश-रेखांश कोंबून झाल्यावर रविवारी माणसाला आडवं पडावंसं वाटतं. पण बायकोच्या थोरल्या बहिणीकडचं बोलावणं हे बोलावणं नसतं, समन्स असतं. डबा, पाण्याची कॅन आणि लेक घेऊन आम्ही एसटीनं निघायचो आणि लोहाऱ्याच्या स्टॉपवर उतरायचो. तिथून पुढे साडभाऊंचं राज्य.

साडभाऊंची सगळी हयात जमिनी मोजण्यात गेली. मोजणी खात्यात पस्तीस वर्षं. मुकुटबनच्या काळ्या वावरापासून दारव्ह्याकडच्या बरड माळापर्यंत असा बांध नसेल, जिथे उभं राहून त्यांनी दोन सख्ख्या भावांच्या शिव्या खाल्ल्या नाहीत. त्यांचं एकच ब्रीद होतं, "जागेवर जे दिसते तेच लिवायचं." एकदा एका मातब्बर शेतकऱ्याने त्यांना घरी नेऊन पोटभर सावजी जेवू घातलं आणि हात धुताना हळूच सुचवलं, की ती बांधावरची विहीर आमच्या बाजूला दिसली तर बरं. साडभाऊंनी ढेकर दिला, वावरात गेले, मोजणी केली आणि विहीर शेजाऱ्याच्या हद्दीत दाखवून मोकळे झाले. तो माणूस चवताळला. "साहेब, जेवले तर माह्या घरी!" तर हे शांतपणे म्हणाले, "जेवन जेवनाच्या जागी, इहीर इहिरीच्या जागी." या एका वाक्यावर त्यांची तीनदा बदली झाली असं त्यांची बायको, म्हणजे आमच्या ताई, सांगतात. साडभाऊ म्हणतात दोनदाच.

असा माणूस बगिच्यात कसा बसेल ते तुम्हीच सांगा. ताईंचे गुडघे चांगले होते तोवर आम्ही खऱ्या बगिच्यांत जायचो. गावातला बगीचा, धरणापाशी पायऱ्या उतरून लागणारा बगीचा, एकदा तर रोपवाटिकेत जाऊन बसलो होतो. दुसरी माणसं बगिच्यात शिरली की फुलं पाहतात. साडभाऊ फाटकाच्या आत पाय ठेवताच कंपाउंड पाहायचे आणि म्हणायचे, "दीड फूट रस्त्यात आलेलं आहे." मग सतरंजीचे चार कोपरे चार दगडांनी दाबून तिची चतुःसीमा जाहीर व्हायची. "पूर्वेस साडभाऊ, पश्चिमेस पान्याची कॅन, दक्षिणेस झाड, उत्तरेस लहान पोट्टे." या हद्दी जेवण होईपर्यंत बदलत नसत. पाटोडीचा रस्सा पश्चिमेला आणि मी पूर्वेला असेन तर मला रस्सा मिळायचा नाही. मधल्या लोकांनी सरकून दिलं तर अतिक्रमण! एकदा मी वैतागून पातेलंच उचललं, तर ते म्हणाले, "घ्या जी, घ्या. पन अर्ज केला असता तं बरं झालं असतं."

आणि ती सावली! फाल्गुनातलं आमचं ऊन म्हणजे चैत्राचं धाकटं भावंड. अकरा वाजता डोकं भाजायला लागतं. शहाणी माणसं झाडाखाली सावली दिसली की बसतात. साडभाऊ मात्र कोपऱ्यावर उभे राहून एक डोळा मिटायचे, हात लांब करून अंगठ्याच्या आडून झाड पाहायचे, पावलं मोजायचे आणि मग बरोब्बर टळटळीत उन्हात सतरंजी टाकायला लावायचे.

"भाऊ, सावली तिकडे आहे," मी म्हणायचो.

"ते आत्ताची. जेवाच्या टायमाले ते जाईन निघून. साडेबारा वाजता इथं येते."

"मग साडेबाराला इकडे येऊ ना."

"जागा कोनी घेतली तं? सावली येऊन राह्यली जी, बसा थोडं."

मी भूगोलाचा मास्तर. सूर्य कुठून कुठे जातो हे मला तरी कोणी शिकवू नये. पण लाज सोडून सांगतो, त्यांची सावली एकदाही चुकली नाही. साडेबाराच्या ठोक्याला ती सतरंजीच्या कडेवर चढायची आणि पावणेएकपर्यंत आम्हा सगळ्यांना कवेत घ्यायची. तोपर्यंत माझं डोकं उठलेलं असायचं आणि दह्याचं पाणी झालेलं असायचं, हा भाग वेगळा. सावली आली की साडभाऊ कुणाकडे विजयाने पाहायचे नाहीत. नुसते पाय पसरून म्हणायचे, "आली पाहा." नातलग वेळेवर पोचला की म्हणतो ना आपण, तसं.

पुढे ताईंचे गुडघे गेले. धरणाच्या त्या पायऱ्या एका वर्षी त्या कशाबशा उतरल्या आणि चढताना सातव्या पायरीवर बसून रडल्या. माझ्या या मेहुणीला मी त्याआधी रडताना कधी पाहिलं नव्हतं, तिच्यामुळे रडलेली माणसं मात्र पुष्कळ पाहिली होती. आता ताईंना जाता येईल असा एकच बगीचा जगात उरला होता, त्यांच्या घरासमोर रस्ता ओलांडला की लागणारा. आणि तो नव्हता.

म्हणजे नकाशावर होता. वीसेक वर्षांपूर्वी लोहाऱ्याकडच्या त्या ले-आउटमध्ये प्लॉट घ्यायला दोघं गेली तेव्हा ताईंना रस्त्याला लागून असलेला प्लॉट आवडला होता. दुकानं जवळ, ऑटो दारात. साडभाऊंनी नकाशा पसरला आणि मधोमध हिरव्या रंगाने रंगवलेल्या चौकोनावर बोट ठेवलं. 'नियोजित बगीचा'. "याच्या समोरचा घेऊ. म्हातारपनी दाराच्या बाहीर पाय टाकला की बगीचा." ताईंना बगिच्याचं भारी वेड, हे त्यांना ठाऊक होतं. ताई भुलल्या. घर झालं, गृहप्रवेश झाला, आणि समोर काय? मुरमाड जमीन, तरोट्याचं रान, चार बकऱ्या आणि कुणीतरी आणून टाकलेलं फुटकं संडासाचं भांडं. वर्ष गेलं, दोन गेली, दहा गेली. ज्याने ले-आउट पाडला तो मालक भेटला की "करू ना, करू" म्हणायचा. कुणी पाहुणा घरी आला की ताई खिडकी उघडून सांगायच्या, "हा पाहा आमचा बगीचा. गुलाब जपून, काटे टोचतीन." आणि नवऱ्याकडे वळून, "जा, नकाशाले पानी घाला. झाडं येतीन."

नोकरीत ज्या माणसाने जागेवर न दिसणारी गोष्ट कधी लिहिली नाही, त्याला निवृत्त झाल्यावर जागेवर नसलेलं सगळं दिसायला लागलं. पायऱ्यांच्या प्रसंगानंतरच्या फाल्गुनात नेहमीप्रमाणे फोन आला, "रविवारी बगिच्यात." मला वाटलं, ताईंसाठी रिक्षा सांगितली असेल. पोचलो तर साडभाऊंनी सतरंजी बगलेत मारली, रस्ता ओलांडला आणि त्या मुरमाच्या मैदानात उभे राहिले. जागोजागी खुंट्या ठोकलेल्या, सुतळी ताणलेली, चुना मारलेला. "या जी, या, आत या. तिकून नाही! फाटक इकून आहे."

माझी लेक तेव्हा सहा वर्षांची होती. तिला पटकन कळलं, मला वेळ लागला. साडभाऊ पुढे आणि आम्ही मागे अशी वरात निघाली. "हा डाव्या हाताले मोगरा. हे बाक. इथून वळा." मी भूक लागल्यामुळे सरळ सतरंजीच्या दिशेने चाललो होतो, तोच मागून ओरडा आला. "साडभाऊ! हौदात काहून उभे राह्यले?" मी पायाखाली पाहिलं. मुरूम होता आणि एक तुटकी चप्पल. मी म्हणालो, "भाऊ, कसला हौद?" तर माझी लेक डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "बाबा, बाहेर निघा ना, ओले व्हाल!" बायको म्हणाली, "निघा, कायले वाद घालता." काय करता? पाय उचलला, काठ ओलांडला आणि वळसा घालून गेलो. सदतीस विद्यार्थ्यांच्या वर्गाला दम देणारा मी! फक्त ताईंनी ऐकलं नाही. हातात भाजीचं पातेलं घेऊन, गुडघ्यांवर डुलत, चुन्याच्या गोलातून त्या सरळ मधून गेल्या. साडभाऊ कळवळले, "अहो, हौद!"

"राहू द्या. मले पोहता येते," ताई म्हणाल्या.

हा दरवर्षीचा कार्यक्रम झाला. आम्ही सगळे वळसा घालायचो, ताई पोहत जायच्या. साडभाऊंच्या मते याला वहिवाट म्हणतात. "जागा कागदावर कितीबी असो, वापर पाह्यजे. एक साल जरी बगिच्यात आलो नाही तं वहिवाट मोडते." मी म्हणालो, वहिवाटीला आधी बगीचा लागतो. ते म्हणाले, "आंधी मानसं येतात जी, मंग बगीचा येते."

दुसऱ्या पावसाळ्यात त्यांनी खुंट्यांच्या जागी कडुनिंबं लावली. बारा. टेप लावून, सूत धरून, बरोब्बर वीस-वीस फुटांवर. बकऱ्यांपासून राखायला भोवती बोरीच्या काटेरी फांद्या. यवतमाळात पाण्याचं काय असतं ते बाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही. नळ आला की लोक हळदीकुंकवाला बोलवावं तसे एकमेकांना हाका मारतात. त्या पाण्यातून दोन-दोन बादल्या हे झाडांना घालायचे. ताई कपाळावर हात मारायच्या. "मी नाही बापा तुमच्या झाडांले पानी घालत. माह्या मनगटात जीव नाही." तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी मात्र रोज सकाळी गंजात, म्हणजे पातेल्यात, भरून त्या समोर नेऊन फेकायच्या. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "मोरी तुंबते म्हनून फेकतो. झाडाच्या बुडाशी पडलं तं त्याले मी काय करू?"

झाडं वाढली. पाच मेली, सात जगली. जी जगली ती डोक्याच्या वर गेली, मग घराच्या खिडकीवर गेली. आता बाग होते, असं मलासुद्धा वाटायला लागलं होतं, आणि नेमकं दोन वर्षांपूर्वी त्या ले-आउटच्या मालकाने अर्ज केला. जागा नुसती पडीक आहे, तिथे बगीचा कधी झालाच नाही, कुणी वापरत नाही, तेव्हा तिथे गोदाम बांधायला परवानगी मिळावी. खात्याने ठरवलं, साहेब येऊन स्थळपाहणी करतील आणि जागेवर दिसेल तसं लिहितील. साडभाऊंनी फोन केला तेव्हा त्यांचा आवाज प्रथमच खाली होता. "साडभाऊ, गुरुवारी रजा काढता काय जी? बगिच्यात जाचं आहे." मी हेडमास्तरांना ताप आल्याचं सांगितलं. खोटं बोललो, पण मला काही जागेवर दिसेल तेच बोलण्याची शपथ नव्हती.

गुरुवारी आम्ही साडेदहालाच सतरंज्या टाकल्या. त्यांनी ले-आउटभर फिरून प्रत्येक घरी निरोप दिला होता, पण कामाचा दिवस. आले ते दहा-बारा जण. त्यात शेजारचे वेल्डिंगवाले चाचा होते. रमजान चालू होता, चाचांचा रोजा होता. ते म्हणाले, "मास्टरजी, मैं कुछ खाऊंगा नहीं, पन बसतो. बसायले कुठं रोजा तुटते?" साडभाऊंनी अंगठा धरून झाड पाहिलं, पावलं मोजली आणि सवयीप्रमाणे आम्हाला भर उन्हात बसवलं. मी डोक्याला रुमाल बांधून बसलो. त्यांच्या खिशातून घडी घातलेली नकाशाची प्रत डोकावत होती.

साहेब पावणेबाराला आले. तिशीतला पोरगा, पाठीवर लॅपटॉपची बॅग. बरोबर मालकाचा माणूस. साहेबांनी आम्हाला पाहिलं आणि पहिलाच प्रश्न केला, "तुम्ही सगळे उन्हात का बसलात?"

"सावली येऊन राह्यली, साहेब," साडभाऊ म्हणाले.

मालकाचा माणूस खो खो हसला. "कशाची सावली? साहेब, झाडं पाहा ना. वाळून कोळसा झाली. मेलेली झाडं हायत सारी."

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. आयुष्यभर सूर्य मोजला, जमीन मोजली, पण या माणसाने कडुनिंबाची पानगळ काही मोजली नव्हती! फाल्गुनात निंब झडतो, हे शेंबडं पोरगंही सांगेल. सात झाडं उघडी-नागडी उभी होती, एकावर पान म्हणून नव्हतं. लावायची होती तर करंजी लावायची, उंबर लावायचा! इतकी वर्षं दर फाल्गुनात आम्ही याच काड्यांखाली जेवलो आणि एकालाही ते सुचलं नाही, भूगोलाच्या मास्तरालासुद्धा नाही.

साहेब साडभाऊंकडे वळले. आवाजात मान होता. "काका, तुम्ही आपल्याच खात्यातले. तुमच्याबद्दल ऐकलंय मी. तुम्हीच सांगा, मी काय लिहू? इथे जागेवर बगीचा आहे का?"

मला वाटलं, म्हणा हो! एक 'आहे' म्हणा, तुमच्या बापाचं काय जातं? साडभाऊंनी नकाशा खिशातून काढला, परत ठेवला. पस्तीस वर्षांत न दिसलेली विहीर ज्याने कधी कागदावर घेतली नाही, त्याच्या तोंडून तो शब्द निघेना. मान खाली घालून ते उभे राहिले. इतका एकटा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

तेवढ्यात ताई उठल्या. एक हात माझ्या बायकोच्या खांद्यावर, एक स्वतःच्या गुडघ्यावर. "झाडं मेली म्हनते कोन? या साहेब, दाखवतो." साहेब सरळ झाडाकडे निघाले, तशी ताईंनी त्यांची बाहीच धरली. "तिकून नका जाऊ जी. इकून या."

"का? सरळच तर आहे."

"मधात हौद आहे ना."

साडभाऊंनी मान वर केली. ताई त्या गोलाला वळसा घालून हळूहळू चालल्या होत्या, मागून साहेब. आणि तेव्हा ते आम्हा सगळ्यांना दिसलं, इतकी वर्षं समोर असून न दिसलेलं. ताई ज्या वाटेने चालल्या होत्या ती खरोखरची वाट होती. मुरमात दबून गुळगुळीत झालेली, वीतभर रुंदीची पायवाट. घराकडून येणारी, गोल वळसा घेणारी, आणि तिथून एकेका झाडाच्या बुडाशी जाणारी. मधल्या गोलात वाळलेलं गवत गुडघाभर उभं होतं, कारण वर्षातला एक दिवस सोडला तर तिथे कुणाचा पाय पडतच नव्हता.

साहेब थांबले. खाली वाकून पाहिलं. "ही वाट कुणाची?"

"माही," ताई म्हणाल्या. "रोज सकाळी पानी फेकाले येतो ना मी. गंजभर पानी घेऊन सरळ कसं जाता येईन? हौदात पडलो तं?"

वर्षातून एकदा आमच्या देखत त्या पोहत जायच्या. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस, कुणी पाहत नसताना, तुटक्या गुडघ्यांनी त्या हौदाला वळसा घालत आल्या होत्या. साडभाऊ बायकोकडे पाहत राहिले. बांधावर वर्षानुवर्षं शोधलेला हद्दीचा दगड अचानक पायाला लागावा, तसा चेहरा झाला होता त्यांचा. ताईंनी झाडाची एक फांदी वाकवून साहेबांच्या नाकासमोर धरली. टोकाटोकाला तांबूस, नखाएवढी, नुकती फुटलेली पालवी होती. "हे मेलं काय जी? आठ दिवसांनी या, पाय ठेवाले ऊन नाही राहनार."

मग साडभाऊंना कंठ फुटला. पण तेव्हाही त्या पठ्ठ्याने 'बगीचा आहे' म्हटलं नाही! खाकरून म्हणाले, "साहेब, जागेवर जे दिसते तेच लिवा. निंबाची झाडं सात, जिवंत. पायवाट एक, रोजच्या वापरातली. मानसं, चौदा." जरा थांबले आणि म्हणाले, "टेप देऊ काय?" साहेब हसले. टेपचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं साडभाऊंनी, आणि दोघांनी मिळून ती वाट मोजली. मोजताना साहेबसुद्धा गोलाला वळसा घालून गेले, हे मी या डोळ्यांनी पाहिलं.

साडेबारा वाजले. सतरंजीवर काड्यांची सावली चढली. सावली कसली, कोळ्याचं फाटकं जाळं! पण वेळेवर आली. साडभाऊ पाय पसरून बसले आणि म्हणाले, "आली पाहा." त्या दिवशी मी ढसाढसा रडलो हे मी कुणाला सांगत नाही. डोळ्यात मुरमाची धूळ गेली होती, असं बायकोला सांगितलं. तिला ते पटलं नाही, आणि तीही रडतच होती.

अर्ज नामंजूर झाल्याचा कागद पावसाळ्यात आला. त्यानंतर एकदम नंदनवन झालं असं समजू नका. तारेचं कुंपण झालं. चाचांनी उरल्यासुरल्या अँगलचं एक बाक करून दिलं, त्याची उंची ताईंच्या गुडघ्याला माप लावून घेतलेली. साडभाऊंनी मेलेल्या पाच निंबांच्या जागी करंजी लावल्या. पानगळीबद्दल आता ते मला विचारतात, आणि मीही जन्मभर माहीत असल्यासारखं सांगतो. हौद मात्र अजून नाही. लोकांनी वर्गणीची गोष्ट काढली होती, पण तो विषय मागे पडला, आणि त्याची घाई कुणालाच नाही.

यंदाच्या फाल्गुनातही गेलो. साडभाऊंना आता नीट दिसत नाही. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचंय. अंगठा धरून झाड पाहतात, पण ते सवयीने. पावलं ताई मोजतात. मोठ्याने, बाकावर बसल्या बसल्या, आणि हटकून एक चुकवतात. मग भांडण होतं, आणि भांडण संपेतो सावली येते. माझी लेक आता नागपूरला शिकते, ती नव्हती. मला उगाच चुकल्यासारखं झालं. चाचांची दीड वर्षांची नात तेवढी पहिल्यांदाच बगिच्यात आली होती. सगळे गप्पांत असताना ती आजोबांचा हात सोडून दुडुदुडु निघाली, सरळ त्या गवताच्या गोलाकडे.

"अवं, पडशीन! हौद!" आम्ही चौदा-पंधरा जण एकदम ओरडलो. मी, माझी बायको, चाचा, सगळे. सर्वांत मोठा आवाज ताईंचा होता. पोरगी दचकून काठावर थांबली. पायाखाली पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि काय तिच्या मनात आलं कोण जाणे, एक पाय मागे घेतला.

साडभाऊ धूसर डोळ्यांनी आवाजाच्या दिशेला पाहत होते. "कोन पडलं जी? कोन पडलं?"

ताईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "कोनी नाही पडलं," त्या म्हणाल्या. "लेकरू वळसा घालून येऊन राह्यलं."